‘ताबा सुटला’ एवढ्यावर तपास थांबू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने’ हे शब्द आपल्या दैनिकात आठवड्यातून दोन-तीनदा तरी छापून येतात. कधी मुक्ताईनगरजवळ, कधी पारोळ्याच्या अलीकडे, कधी कोंडाईबारी घाटात. खाली ठरलेली ओळ असते: चालकाविरुद्ध गुन्हा दाखल, पुढील तपास सुरू. बातमीत खोटे काही नसते. पण ताबा का सुटला, आणि सुटल्यावर माणूस नुसता जखमी न होता जिवानिशी का गेला, हे दोन प्रश्न आपल्याकडे कोणी विचारत नाही. कागदावर ‘हयगयीने व भरधाव वेगाने’ लिहिले की काम संपते. रस्ता तसाच राहतो आणि पुढच्या महिन्यात त्याच वळणावर दुसरा कोणी पडतो.

युरोपात रस्त्यावरचे मृत्यू कमी झाले, त्याच्या मुळाशी हेच दोन प्रश्न आहेत. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये एक धोरण मंजूर केले. त्याचा गाभा असा: माणूस आहे, चुकणारच, पण त्या चुकीपायी त्याचा जीव जाता कामा नये, आणि रस्ता तसा बांधण्याची जबाबदारी रस्ता बांधणाऱ्यांची व सांभाळणाऱ्यांची आहे. तेव्हापासून तिथले रस्ते खाते प्रत्येक जीवघेण्या अपघाताची जागेवर जाऊन स्वतंत्र तपासणी करते. फिनलंडमध्ये हे काम एका मंडळाकडे असते. पोलीस, वाहनतज्ज्ञ, रस्त्याचा अभियंता, डॉक्टर आणि माणसाच्या वागण्याचा अभ्यासक असे लोक त्यात बसतात. दोष कोणाचा हे ठरवणे त्यांचे कामच नाही, ते न्यायालय बघते. हा मृत्यू कुठे कुठे अडवता आला असता, एवढेच ते शोधतात. कठडा असता तर? पट्टा लावला असता तर? झाड दोन मीटर आत असते तर?

आकडे बघा. युरोपीय संघाच्या २७ देशांत मिळून २००१ मध्ये सुमारे ५१ हजार माणसे रस्त्यावर गेली, २०२३ मध्ये सुमारे २० हजार ४००. म्हणजे दहा लाख लोकांमागे ४६; स्वीडनमध्ये तर २२. भारतात २०२२ साली १ लाख ६८ हजार ४९१ मृत्यू झाले. दहा लाखांमागे हा आकडा १२० च्या घरात जातो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ७९ लाखांच्या आसपास होती. देशाच्या सरासरीनेच हिशेब केला तरी आपल्या खान्देशात वर्षाला साडेनऊशे घरांत सुतक येते. स्वीडनची लोकसंख्या एक कोटीहून जास्त, आणि तिथे २०२३ साली साधारण २३० माणसे गेली.

यावर लगेच म्हटले जाते, ‘त्यांचे लोक शिस्तीचे, त्यांच्याकडे पैसा.’ हे पटण्यासारखे नाही. १९७० साली एकट्या पश्चिम जर्मनीत १९ हजारांवर माणसे रस्त्यावर मेली. लोकसंख्या होती सहा कोटींच्या आसपास. फ्रान्समध्ये १९७२ साली १६ हजारांहून अधिक गेली. आज तो आकडा तीन हजारांच्या थोडा वर आहे. त्या वेळचे फ्रेंच आणि जर्मन चालक आपल्या आजच्या चालकांपेक्षा शहाणे नव्हते. आणि पैशाचेच म्हणाल तर पोलंडकडे बघा. तिथे २०१९ मध्ये २,९०० च्या आसपास मृत्यू होते, २०२३ मध्ये १,९०० च्या खाली आले. दरम्यान त्यांनी झेब्रा पट्ट्यावर पाय ठेवणाऱ्या पादचाऱ्याला आधी जाण्याचा हक्क दिला, दंड मोठा केला आणि चांगले रस्तेही बांधले.

स्वीडनचे एक उदाहरण थोडे उलगडून सांगतो. तिथे १३ मीटर रुंदीचे जुने रस्ते होते, दोन पदर आणि दोन्ही कडांना रुंद मोकळी पट्टी. सरळ, गुळगुळीत आणि म्हणूनच जीवघेणे. ओव्हरटेक करताना समोरासमोर धडक व्हायची. १९९८ पासून त्यांनी त्याच रुंदीत तीन पदर आखले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांच्या मध्ये पोलादी दोरांचा कठडा उभा केला. एक-दोन किलोमीटर एका बाजूला दोन पदर, पुढे तेवढेच दुसऱ्या बाजूला. ओव्हरटेक करायचे ते आपली पाळी आल्यावरच. नवी जमीन फारशी लागली नाही. सुरुवातीला लोकांनी नाराजी दाखवली, ट्रॅक्टरच्या मागे अडकून पडू म्हणून कुरकुरही झाली. कठड्यावर गाड्या घासण्याचे प्रकार वाढले, पत्रे चेपले. पण अशा रस्त्यांवरचे मृत्यू साधारण तीन-चतुर्थांशाने घटले. चूक झाली, माणूस वाचला, म्हणजे धोरणात लिहिले होते तेच घडले.

आपल्या दोनपदरी रस्त्यांवर डांबराची रुंदी बहुतेक ठिकाणी सात मीटर, त्यामुळे ही रचना जशीच्या तशी इथे बसणार नाही. मात्र ‘ताबा सुटण्याचे’ एक कारण आपल्याकडे डोळ्यांसमोर पडले आहे आणि त्याला खर्चही फार नाही. ते म्हणजे साइडपट्टी. रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो, पण कडेचा मुरूम तेवढा वर येत नाही. दोन थरांत कड चार-पाच इंच उंच होते. समोरून ट्रक आला की दुचाकीवाला खाली उतरतो. परत वर यायला बघतो तेव्हा टायर कडेला घासत राहतो, चढत नाही. तो हँडल आणखी वळवतो. टायर एकदम चढतो तेव्हा हँडल प्रमाणाबाहेर वळलेले असते आणि गाडी फेकल्यासारखी समोरच्या पदरात जाते. मागून येणाऱ्याला तो स्वतःहून ट्रकखाली गेला असे दिसते, आणि पंचनाम्यातही तसेच उतरते.

उपाय साधा आहे. डांबरीकरण झाल्याबरोबर साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणावी. मुरूम एकदम ओतून चालत नाही. सहा इंचांपेक्षा जाड नाही अशा थरांत, पाणी मारून, रोलर फिरवून भरावा आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा. तापीकाठच्या तालुक्यांत मुरूम लांबून आणावा लागतो, म्हणून शेजारच्या शेतातली काळी माती ओढून घेतली जाते. ही माती पहिल्या पावसात चिखल होते, उन्हाळ्यात भेगाळते आणि कड पुन्हा उघडी पडते. डांबराची कडही सरळ उभी न कापता तिरपी उतरती दाबून घेतली तर टायर सहज वर चढतो. साइडपट्टीचे मोजमाप होईपर्यंत ठेकेदाराचे शेवटचे बिल निघू नये, आणि दर दिवाळीच्या आत, पावसाने वाहून गेलेला मुरूम पुन्हा भरला जावा. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर मार्गावर शहादा ते रावेर कुठेही मोजपट्टी लावून डांबराची कड मोजावी, म्हणजे हा विषय किती तातडीचा आहे ते कळेल.

आता वेग. कोरड्या चांगल्या रस्त्यावर, चालकाने एका सेकंदात ब्रेक दाबला असे धरले, तर ताशी ३० किलोमीटरला गाडी १३-१४ मीटरांत थांबते. ५० ला २८ मीटर लागतात आणि ८० ला सुमारे ५८. धडकेचा जोर उंचीच्या भाषेत सांगायचा तर ३० ने आदळणे म्हणजे साडेतीन मीटरांवरून पडणे, आणि ५० ने आदळणे म्हणजे जवळजवळ दहा मीटरांवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडणे. म्हणून जिथे माणसे पायी आणि सायकलवर असतात तिथे युरोपातली शहरे एकामागून एक ३० ची मर्यादा घालत आहेत. स्पेनने मे २०२१ पासून, येण्याजाण्याला प्रत्येकी एकच पदर असलेल्या शहरातल्या रस्त्यांवर ती देशभर लावली. हेलसिंकीत निम्म्याहून अधिक रस्ते ३० चे आहेत. त्या शहरात जुलै २०२५ पर्यंतच्या बारा महिन्यांत रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही.

फ्रान्स, जर्मनी या देशांत गावाच्या नावाची पाटी हीच वेगाची पाटी असते. पाटी ओलांडली की ५० ची मर्यादा लागू. वेगळा फलक लागत नाही. आपल्याकडे प्रत्येक गावाला स्वागत कमान आहे. अडावद असो की किनगाव, कमानीपासून वेग उतरलाच पाहिजे अशी व्यवस्था करता येते. कमानीच्या शंभर मीटर आधी, घरांना आवाजाचा त्रास होणार नाही एवढ्या अंतरावर, रस्त्यावर आडव्या जाड पट्ट्या. मग कमानीपाशी रस्त्याच्या मध्यभागी दीड-दोन मीटर रुंद उंच ओटा, म्हणजे रस्ता अरुंद दिसतो, पाय आपोआप ब्रेककडे जातो आणि रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला मध्ये थांबायला जागा मिळते. ओट्याच्या दोन्ही टोकांना चमकणारे खांब हवेतच. नाही तर रात्री तोच ओटा जीव घेईल. एसटीचा थांबा ओलांडण्याच्या जागेच्या पुढे असावा. बस आधी थांबली की लोक तिच्या तोंडाशी रस्ता ओलांडतात आणि मागून ओव्हरटेक करणाऱ्याला ते दिसत नाहीत.

आपल्याकडे अपघात झाला, लोक रस्त्यावर उतरले, की रातोरात गतिरोधक होतो. फूटभर रुंद, वीतभर उंच, ना रंग ना फलक. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे, तो ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडता येतो. अरुंद उंचवटा गाडीला उडवतो. दुचाकीवर मागे एका बाजूला पाय सोडून, मांडीवर लेकरू घेऊन बसलेली बाई आधी फेकली जाते. तिच्या मृत्यूला जबाबदार वेग नव्हता, तो गतिरोधक होता. मोजमापाबाहेरचे असे सगळे उंचवटे एका उन्हाळ्यात उखडून मानकाप्रमाणे करता येतील.

चौफुल्यांवरच्या वर्तुळाबद्दल थोडक्यात. साध्या चौकात वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना छेदतात किंवा मिळतात, एकपदरी वर्तुळात फक्त आठ. धडक झालीच तर ती काटकोनात आणि वेगात होत नाही. पण वर्तुळाला जीव येतो तो नियमामुळे: आत फिरणाऱ्याचा हक्क पहिला, बाहेरच्याने थांबायचे. फ्रान्सने १९८३ मध्ये हा नियम घातला आणि त्यानंतर तिथे हजारोंनी वर्तुळे झाली. आपल्याकडे वर्तुळ फसते त्याची कारणे ठरलेली आहेत. आत येणारा रस्ता सरळ आणि रुंद ठेवलेला असतो, त्यामुळे वेग उतरतच नाही. तो थोडा वळवून आणावा लागतो. वर्तुळाच्या कडेलाच रिक्षा थांबा आणि चहाची गाडी असते. मधल्या जागेत वाढदिवसांचे फलक लागतात आणि पलीकडचे वाहन दिसत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे, रात्रीचे. दिवाळीपासून होळीपर्यंत आपल्या रस्त्यांवर कापूस, ऊस, मका आणि केळी धावत असते. ट्रॅक्टरचा वेग ताशी २५, मागच्या गाडीचा ८०. दोघांमधले अंतर सेकंदाला पंधरा मीटरांनी तुटते. हेडलाइट खाली (डिपवर) केलेला असताना न चमकणारी वस्तू साधारण ५० मीटरांवर दिसू लागते, म्हणजे हातात तीन-साडेतीन सेकंद. तीच वस्तू प्रकाश परतवणारी असेल तर दीडशे मीटरांवरून दिसते आणि दहा सेकंद मिळतात. युरोपीय संघात २०११ पासून नव्या अवजड मालवाहू ट्रकांच्या कडा प्रकाश परतवणाऱ्या पट्टीने आखणे सक्तीचे आहे, आणि हळू चालणाऱ्या वाहनांच्या मागे चमकदार लाल त्रिकोण लावण्याची पद्धत बऱ्याच देशांत आहे.

आपल्या ट्रॉलीला हे करायला किती लागते? दहा फूट बाय सहा फुटांची ट्रॉली धरा. मागे खालची कड सहा फूट आणि दोन्ही कोपऱ्यांत उभ्या दोन-दोन फूट, ही लाल पट्टी. दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट पिवळी. मिळून तीस फूट, म्हणजे नऊ-दहा मीटर, रुंदी ५० मिलिमीटर. दुकानात मिळणारे साधे रंगीत रेडियम आणि प्रकाश परतवणारी प्रमाणित पट्टी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. अंधारात मोबाइलची बॅटरी डोळ्याजवळ धरून वीस पावलांवरून बघितले की फरक लगेच दिसतो. चिकटवण्याआधी पत्रा ब्रशने खरवडून, थिनरने पुसून पूर्ण कोरडा करावा. गंजलेल्या, पोपडे आलेल्या पत्र्यावर पट्टी आठ दिवसांत सुटते. तिथे आधी ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर ती चिकटवून, मग ती पट्टी रिव्हेटने ठोकावी.

खरी चूक होते ती जागेत. पट्टी बहुतेक वेळा मागच्या फाळक्यावर लावतात. लांब माल भरला की फाळका खाली सोडलेला असतो आणि पट्टी जमिनीकडे तोंड करून बसते. कापसाची ट्रॉली फुगवून भरली की बाहेर आलेला कापूस आणि वरची ताडपत्री दिवा आणि पट्टी दोन्ही झाकते. म्हणून मागची पट्टी फाळक्याखालच्या पक्क्या सांगाड्यावर हवी आणि एक जादा त्रिकोण दोरीने मालाच्या शेवटच्या टोकाला लटकवलेला हवा. चिखल आणि धूळ रोज फडक्याने पुसली नाही तर महागातली पट्टीही आंधळी होते. याची सक्ती करायला नवा कायदा नको. साखर कारखाने, जिनिंग आणि खरेदी केंद्रे यांच्या काट्यावर एकच नियम करावा: पट्टी आणि मागचा दिवा नसेल तर वजन नाही. काटा पावती अडली की दोन दिवसांत सगळ्या ट्रॉल्या चमकू लागतील.

रस्त्यात बंद पडलेला ट्रक हा याच गोष्टीचा दुसरा भाग. आपले चालक मागे दगड मांडतात, बाभळीच्या फांद्या टाकतात. हेतू चांगला असतो. पण दगड चमकत नाहीत, आणि गाडी दुरुस्त करून निघून जाताना ते तसेच राहतात. पहाटे दूधवाला त्यावर आदळतो. युरोपातल्या बहुतेक देशांत घडीचा चमकणारा त्रिकोण गाडीत ठेवावाच लागतो, काही देशांत अंगात घालायचे चमकणारे जाकीटही. त्रिकोण गाडीला टेकवून ठेवला तर उपयोग शून्य. महामार्गावर तो शंभर मोठी पावले मागे हवा. टोलनाक्यावर प्रत्येक ट्रकची ही एक वस्तू तपासायला अर्धे मिनिटही लागणार नाही.

पायी चालणाऱ्यांचेही हेच. चैत्रात आणि नवरात्रात खान्देशातून हजारो भाविक सप्तशृंगी गडाला पायी जातात, ऊन टाळायला रात्रीचे चालतात. भगवा झेंडा अंधारात दिसत नाही. फिनलंडमध्ये अंधारात चालणाऱ्याने अंगावर प्रकाश परतवणारी वस्तू बाळगावी असा कायदाच आहे. पोलंडमध्येही २०१४ पासून गावाबाहेरच्या रस्त्यांवर ती सक्तीची आहे. झेंड्याच्या काठीला, पाठीवरच्या पिशवीला आणि घोट्याला वीतभर पट्टी, जथ्याच्या पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, आणि फूटपाथ नसेल तिथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने एका रांगेत चालणे, एवढे गावोगावच्या मंडळांनी ठरवले तरी पुष्कळ होईल.

मालवाहू चालकाच्या झोपेबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. युरोपीय संघात चालकाला दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा फार तर दहा तास गाडी चालवता येते. साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती. हे सगळे ट्रकमधल्या नोंदयंत्रात आपोआप उतरते, पोलीस रस्त्यावर ते वाचतात. नियमाचा महत्त्वाचा भाग पुढे आहे: किती अंतर तोडले किंवा किती लवकर माल पोचवला यावर असे बक्षीस देता येत नाही की चालक जीव धोक्यात घालेल, आणि माल पाठवणाऱ्यानेही वेळापत्रक या तासांत बसेल असेच ठरवायचे. आपल्याकडे १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगत असे; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. कायदा आहे, मोजणारे यंत्र नाही. सावदा-रावेरहून केळी घेऊन उत्तरेकडे निघालेल्या ट्रकला घाई असते कारण माल पिकतो. ती घाई एकट्या चालकाच्या डोळ्यांवर टाकायची नसेल तर लांबच्या फेरीला दोन चालक द्यावेत आणि त्याचा खर्च भाड्यात धरावा. जीपीएस आज बऱ्याच ट्रकमध्ये आहे. किती तास गाडी चालली हे व्यापाऱ्याला मोबाइलवर दिसते, मग ते तपासणाऱ्यालाही दिसायला हरकत नसावी.

फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला आणि त्यावर बसलेले किमान पंधरा मजूर दगावले. बहुतेक रावेर तालुक्यातले होते. मालावर माणसे बसवू नयेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तोडणी संपते रात्री, गाव दूर, दुसरे वाहन नाही. तोडणीचा भाव ठरतानाच मजुरांच्या वेगळ्या गाडीचे पैसे त्यात धरले गेले पाहिजेत. शेतकरी, व्यापारी आणि मुकादम या तिघांनी बसून ठरवण्याची ही गोष्ट आहे, आणि ती या हंगामाच्या आत ठरावी अशी आमची कळकळीची विनंती आहे.

घाटाचे वेगळे आहे. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळसनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना ठोकरत रस्त्याकडच्या हॉटेलात घुसला, किमान दहा जणांचा जीव गेला. लांब उतारावर ब्रेक ‘अचानक’ जात नाहीत. सतत दाबून ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात, हवेचा दाब उतरतो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की इंजिनाचा आवर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आल्प्सच्या उतारांवर यासाठी सुटका-पट्टा असतो: रस्त्याच्या कडेला सैल खडीचा लांब वाफा, ज्यात ट्रक रुतून थांबतो. तो करताना एक चूक हमखास होते. क्रशरची टोकदार खडी वापरली तर ती एकमेकांत अडकून घट्ट बसते आणि ट्रक वरून निघून जातो. गोटे गोल, साधारण एकाच आकाराचे हवेत, नदीतल्यासारखे. खोली सुरुवातीला कमी आणि पुढे वाढत जाऊन मीटरभर. माती-धुळीने वाफा भरून कडक होतो, म्हणून तो वर्षातून काही वेळा उकरावा लागतो. उतार सुरू होण्याआधीच ट्रक थांबवून ब्रेक बघायला सपाट जागा आणि ‘खालचा गिअर’ असा मोठा फलक हवा. पळसनेरकडे येणारा उतार, लळिंग, कोंडाईबारी, चाळीसगावचा कन्नड घाट आणि सातपुड्यातला चांदसैली, प्रत्येकाची पाहणी या एका दृष्टीने व्हावी.

हेल्मेटबद्दल बरेच लिहिले जाते, म्हणून दोनच गोष्टी. भुसावळच्या ४५ अंशांत ते नकोसे होते हे खरे. फिक्या रंगाचे, हवेला झरोके असलेले आणि आयएसआय खुणेचे घ्यावे. आणि हनुवटीचा पट्टा दोन बोटे जातील एवढा घट्ट बांधावा. न बांधलेले हेल्मेट पहिल्या आपटीत उडून जाते, डोके दुसऱ्या आपटीला उघडे असते.

अपघातानंतरचा पहिला तास हा तर सगळ्यांच्या हातातला. युरोपीय संघात २०१८ पासून नव्या मॉडेलच्या मोटारी जबर धडक होताच आपणहून ११२ ला ठिकाण कळवतात. आपल्याकडे हे काम जवळून जाणाऱ्याने करायचे आहे. १०८ किंवा ११२ ला फोन करताना किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा. जखमीला नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार संरक्षण आहे. नाव सांगण्याचीही सक्ती नाही. तासाभरात नेणाऱ्याला राहवीर योजनेत २५ हजार रुपये मिळतात, आणि २०२५ पासून जखमीवर सात दिवस दीड लाखापर्यंत रोख पैसे न भरता उपचार होतात. हे दवाखान्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे.

शेवटी दोन मागण्या. पहिली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समित्यांकडे. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गावरचा ५०० मीटरचा तुकडा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायला तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू व्हावे लागतात. म्हणजे पाचव्या अपघातापर्यंत किंवा दहाव्या माणसापर्यंत थांबायचे. युरोपीय संघाने २०१९ मध्ये आपला नियम बदलला. आता प्रमुख रस्त्यांची धोक्याची तपासणी मृत्यू होण्याआधीच ठरावीक काळाने करावी लागते. आपल्या तिन्ही समित्यांनी प्रत्येक जीवघेण्या अपघाताच्या जागी आठ दिवसांत पोलीस, रस्त्याचा अभियंता, आरटीओचा निरीक्षक आणि डॉक्टर यांना एकत्र पाठवावे, एक पानाचा अहवाल घ्यावा आणि तो जाहीर करावा. कड किती उंच होती, दिवा होता का, पट्टी होती का, हेल्मेट बांधलेले होते का, रुग्णवाहिका किती मिनिटांत आली.

दुसरी मागणी आपल्याकडे, संपादक महोदय. आपले वार्ताहर जागेवर सर्वांत आधी पोहोचतात. बातमीत किलोमीटरच्या दगडाचा आकडा, साइडपट्टीची अवस्था, उजेड, मागचे दिवे आणि त्याच जागी आधी झालेले अपघात, एवढे पाच तपशील नेमाने छापले, तर वर्षभरात खान्देशच्या धोक्याच्या जागांचा नकाशा आपल्या अंकांतूनच तयार होईल. तो समितीच्या बैठकीत टेबलावर ठेवण्याचे काम आम्ही करू.

आपले विश्वासू,
रस्ते व वाहतूक क्षेत्रात काम करणारे काही वाचक
जळगाव, धुळे, नंदुरबार